टोमॅटोवर कीड दिसली की लगेच पंप उचलू नका

भातकापणी झाली की आमच्याकडे परसात टोमॅटो लागतो आणि डिसेंबरात फोन सुरू होतात. चिपळूणच्या आत्येचा पहिला. "पानं वळतायत रे, काय मारू?" पान उलटं करून बघितलंस का, विचारलं की पलीकडे शांतता.

सगळ्यात मोठा गाढवपणा मात्र माझाच. आंब्याच्या कलमांच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी मारलेलं औषध पंपात उरलं होतं. फुकट कशाला घालवा, म्हणून परसातल्या बारा टोमॅटोंवर उडवलं. दोन दिवस सगळं स्वच्छ. पंधराव्या दिवशी फांदी हलवली तर पांढऱ्या माशीचा धुरळाच उठला! खालची पानं चिकट, त्यावर काजळीसारखी बुरशी. माशी बसते पानाच्या पाठीला, तिथे थेंब पोचला नव्हता. मेले ते ढालकिडे आणि कोळी, म्हणजे तिला खाणारेच. औषध उडालेली, पिकायला आलेली फळंही फेकावी लागली. बायको अजून ऐकवते.

आता रोपांच्या उंचीवर पिवळे चिकट कागद टांगतो. दर आठवड्याला, ऊन उतरल्यावर, लिटरला ५ मिली निंबोळी तेल, आधी चमचाभर साबणपाण्यात घोटून, पानांच्या पाठीवर. एका फवारणीत फरक नाही म्हणून कंटाळणाऱ्यांनी टोमॅटो बाजारातून आणावा.

शेंडा आखडला, पानं वाटीसारखी वळून पिवळी पडली, तर तो चुरडामुरडा. विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते. ते झाड कशानेही सुधारत नाही. उपटा, पिशवीत बांधा. "फुलं आलीत रे," म्हणत आत्येने एक ठेवलं, तिची अख्खी ओळ गेली.

पानावर नागमोडी पांढऱ्या रेषा: नागअळी. खालची पानं खुडा, विषय संपला. रेषांऐवजी पापुद्र्यासारखे रुंद डाग आणि फळाला टाचणीएवढी भोकं असतील तर ती टुटा नावाची अळी, भारतात पहिल्यांदा २०१४ साली पुण्याकडे सापडलेली. फळं पुरू नका, पिशवीत बांधून उन्हात टाका.

फळात अर्धी आत, अर्धी बाहेर हिरवी अळी दिसली तर संध्याकाळी हातानेच वेचा.

आणि हिरवंगार झाड दुपारी मान टाकून बसलं, तर त्याच्या बुडात कीटकनाशक ओतू नका. खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात पाण्यात धरा. दुधासारखी धार सुटली तर तो जिवाणूंचा मर रोग, किडीचा संबंध नाही. त्या वाफ्यात पुढच्या साली वांगी-मिरचीही नको.