माडीवरच्या न्हाणीला पाणी कमी पडते तेव्हा

गोव्यातील बहुतेक घरांत पाणी ओपा वा साळावली प्रकल्पाच्या सरकारी नळाचे असो वा परसातील विहिरीचे, ते आधी गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तेथून केवळ उंचीच्या बळावर नळांना उतरते. चवथीला घर भरले, की खालची न्हाणी चालू होताच माडीवरचा शॉवर ठिबकू लागतो आणि दाबाचा पंप आणण्याची चर्चा सुरू होते. तो खर्च करण्यापूर्वी पाहावे, कारण दोष बहुधा वरच्या नळात नसून खालच्या नळाच्या मोकळेपणात असतो.

टाकीतील पाण्याची पातळी वरच्या शॉवरपेक्षा ३ मीटर उंच असेल, तर खालच्या शॉवरपेक्षा ती सुमारे ६ मीटर उंच असते, म्हणजे दाब वर साधारण ०.३ बार आणि खाली ०.६ बार. शिवाय दोन्हींना पाणी देणारा उभा पाइप एकच असेल, तर खालच्या ओढीमुळे त्या पाइपात घर्षण वाढते आणि वरच्या फाट्याचा आधीच थोडा असलेला दाब आणखी घटतो.

प्रथम शॉवरच्या आणि नळांच्या जाळ्या काढून धुवाव्यात. विहिरीच्या पाण्यातील तांबडा गाळ त्यांत हमखास साचतो. नंतर टाकी निम्मी भरलेली ठेवून प्रत्येक न्हाणीचा मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा, सर्व न्हाण्यांतील एकेक नळ एकाच वेळी सोडावा आणि प्रत्येकाखाली १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहून घ्यावे. खाली ५० सेकंद आणि वर १५० सेकंद लागत असतील, तर खालच्या न्हाणीचा व्हॉल्व्ह अर्ध्या आट्याने आवळून पुन्हा सर्व बादल्या मोजाव्यात. एक फाटा आवळला की बाकीच्या सर्वांचा प्रवाह बदलतो, म्हणून एकच नळ मोजून भागत नाही, आणि घाईने दोन व्हॉल्व्ह एकदम फिरवल्यास कशाचा परिणाम काय झाला ते कळत नाही. वेळा अगदी समान होण्याचा हट्टही धरू नये. वरच्या शॉवरखाली सुखाने आंघोळ होते एवढे पुरे. शेवटी प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद स्थितीपासून किती आटे उघडा आहे, हे जवळच लिहून ठेवावे.

या कामाला बॉल व्हॉल्व्ह गैरसोयीचा, कारण त्याचा दांडा पाव फेरीतच पूर्ण उघडतो आणि बारीक फरक साधत नाही. बेसिनखालचा आट्यांचा अँगल कॉक मात्र उत्तम चालतो.

गरम आणि थंड पाणी मिसळणारा मिक्सर नळ असल्यास गरम आणि थंड दोन्ही ओळी सारख्या प्रमाणात आवळाव्यात, नाहीतर जास्त दाबाचे थंड पाणी गरम ओळीत शिरते. सोलर हीटरच्या व्हेंट पाइपवर, म्हणजे हवा आणि वाफ बाहेर सोडणाऱ्या उघड्या नळीवर, व्हॉल्व्ह कधीही बसवू नये.

इतर सर्व नळ बंद असतानाही वरचा शॉवर मंदच राहिला, तर आवळण्याने काही साधणार नाही. पाइपात हवा अडकली आहे, तो कोंदला आहे किंवा मुळातच अरुंद आहे. हे तिन्ही तपासूनही फरक पडला नाही, तर टाकी उंच करावी लागते. उंचीच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ०.१ बार मिळतो, पण १००० लिटरच्या भरलेल्या टाकीत एक टन पाणी असते, त्यामुळे जुन्या चिऱ्यांच्या भिंतींवर चौथरा बांधण्यापूर्वी अभियंत्याला दाखवावे.