सुमोची टूर्नामेंट फॉलो कशी करायची: एक पैलवान निवडा आणि पंधरा दिवस त्याची साथ सोडू नका

सुमोच्या क्लिप्स सगळ्यांनीच बघितल्या असतील, दोन अवाढव्य माणसं धडकतात, एक बाहेर जातो, दहा सेकंदात खेळ खल्लास. पण खरी मजा पंधरा दिवस रोज बघण्यात आहे, कारण इथे एका कुस्तीवर काही ठरत नाही, हिशोब पूर्ण पंधरा दिवसांचा असतो.

आधी कॅलेंडर बघा. टूर्नामेंटला बाशो म्हणतात आणि वर्षात सहा मोठ्या बाशो होतात, एक महिना सोडून एक. जानेवारी, मे आणि सप्टेंबर टोकियोत र्योगोकू भागातल्या कोकुगिकान या सुमोच्या स्टेडियममध्ये, मार्च ओसाकात, जुलै नागोयात, नोव्हेंबर फुकुओकात. रविवारी सुरू, पंधराव्या दिवशी परत रविवारीच संपते. वरच्या गटाच्या कुस्त्या जपानात साधारण चार ते सहा या वेळात होतात म्हणजे आपल्याकडे साडेबारा ते अडीच, जेवणाच्या सुट्टीत शेवटच्या दोन-चार तरी बघून होतात. शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ असल्यामुळे अर्धा तास आधी आटपतं, ते लक्षात ठेवा नाहीतर नेमकी फायनलची कुस्तीच हुकेल. लाइव्ह नाही जमलं तर एनएचके वर्ल्ड जपान या चॅनेलवर रोजच्या हायलाइट्स इंग्रजी कॉमेंट्रीसकट लागतात, काही दिवस लाइव्ह पण दाखवतात.

दुसरं काम, बान्झुके उघडा. बान्झुके म्हणजे रँकिंगची यादी, बाशो सुरू व्हायच्या सहसा तेरा दिवस आधी लागते. कागदावरची यादी अजूनही हाताने लिहितात आणि लिहिणारे असतात ग्योजी म्हणजे पंचच, वरच्यांची नावं ठसठशीत आणि खाली खाली येत अक्षर इतकं बारीक होत जातं की तळाचं नाव केसाएवढ्या रेघेत असतं. पोराला नाव मोठं करायचं असेल तर जिंकत वर जायचं, दुसरा रस्ता नाही! सगळे सहा गट पाठ करायची गरज नाही, सुरुवातीला फक्त माकुउची म्हणजे सगळ्यात वरचा गट बघा, त्यात ४२ पैलवान. सगळ्यात वर योकोझुना, मग ओझेकी, सेकिवाके, कोमुसुबी आणि बाकी सगळे माएगाशिरा १, २, ३ असे नंबरवार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मधला किंवा खालचा एक माएगाशिरा निवडा, योकोझुना नको. का ते सांगते. पंधरापैकी आठ जिंकले की काची-कोशी, म्हणजे पुढच्या बाशोत सहसा वर सरकणार, आठ हरले तर माके-कोशी, खाली. म्हणजे जो चॅम्पियन होणार नाहीये त्याची पण रोज स्वतःची लढाई चालू असते आणि त्याचे सात-सात झाले की पंधराव्या दिवसाची ती एक कुस्ती बघताना आपल्याच पोटात गोळा येतो. ओझेकीला लागोपाठ दोन माके-कोशी झाल्या की पद जातं, योकोझुनाला खाली आणताच येत नाही, झेपेना झालं की त्याने सरळ रिटायर व्हायचं. दुखापतीने घरी बसलात तरी ते दिवस हारच धरले जातात. मला हे सगळं फार कठोर वाटतं, पण म्हणूनच आठवा विजय मिळाल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघायला मी रोज बसते.

एक वही करा. जिंकला की मोकळा गोल, हरला की भरलेला, जपानी लोक पण पांढरा तारा आणि काळा तारा असंच म्हणतात. शेजारी डाव लिहा. अधिकृत डाव ८२ आहेत पण पहिल्या आठवड्यात दोन ओळखू आले तरी पुष्कळ, मावाशी म्हणजे कमरेचा पट्टा धरून रेटत बाहेर नेलं तर योरिकिरी, मावाशी न धरता ढकललं तर ओशिदाशी. आपल्या कुस्तीसारखं चीतपट करावं लागत नाही, तळपाय सोडून काहीही जमिनीला टेकलं किंवा पाऊल रिंगणाबाहेर पडलं की हरला.

आणि कुस्तीच्या आधीचा वेळ फॉरवर्ड करू नका प्लीज. मीठ फेकतात, वाकतात, एकमेकांकडे रोखून बघतात, उठून परत कोपऱ्यात जातात, माकुउचीत याला चार मिनिटं असतात. वेळ संपली की पैलवान टॉवेल घेऊन घाम पुसतो, पब्लिकचा आवाज एकदम चढतो, आणि तरी शिट्टी-बिट्टी काही होत नाही, दोघांचे हात मातीला टेकले की सुरू, म्हणजे सुरुवात दोघांच्या संमतीने होते. ती पहिली धडक म्हणजे ताची-आई, अर्धी कुस्ती तिथेच ठरते. पंचाच्या निर्णयावर शंका आली तर काळ्या किमोनोतले पाच जज रिंगणात चढून चर्चा करतात, कधी निर्णय उलटतो, कधी कुस्ती परत लावतात.

दुसऱ्या आठवड्यात लक्ष वाढवा. आधीच्या दिवसांत वरचे लोक खालच्यांशी खेळतात, शेवटी शेवटी आपसात भिडतात, आणि एखादा खालचा माएगाशिरा फारच जिंकत सुटला तर त्याला पण मोठ्यांच्या पुढ्यात उभं करतात. मार्च २०२४ मध्ये ताकेरुफुजीचं असंच झालं, माएगाशिरा १७ वर, माकुउचीतली पहिलीच बाशो, चौदाव्या दिवशी हरला आणि घोटा असा दुखावला की चालता येईना. पंधराव्या दिवशी पाय बांधून आला, गोनोयामाला हरवलं आणि १३-२ ने कप घेऊन गेला. पदार्पणातच चॅम्पियन, तब्बल ११० वर्षांनी.

बाशो संपली की वही मिटू नका, आपल्या पैलवानाचे गोल मोजा आणि पुढच्या बान्झुकेत तो कितव्या नंबरवर येईल याचा अंदाज तारखेसकट लिहून ठेवा, यादी लागली की ताडून बघता येईल.