गेमिंग चॅनल मुलांसाठी योग्य आहे का, हे ठरवताना या चुका टाळा

वन रूम किचनमध्ये संध्याकाळी टीव्हीवर आजीची मालिका चालू असते, ओट्यावर कुकर असतो आणि कोपऱ्यात पोरगं फोन घेऊन बसलेलं असतं. ‘आवाज कमी कर, नाहीतर इअरफोन लाव,’ हे मुंबईतल्या निम्म्या घरांत रोज ऐकू येतं. यूट्यूबवरच्या गेमिंग चॅनलच्या, म्हणजे कुणीतरी गेम खेळत बोलत राहतो अशा चॅनलच्या बाबतीत पालकांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. येता-जाता आपल्याला स्क्रीन दिसते, आवाज मात्र एकट्या मुलाच्या कानात जातो. आणि अशा व्हिडिओंमध्ये मुलाला जे काही वळण लागतं, चांगलं किंवा वाईट, ते बहुतेक आवाजातूनच लागतं.

मी भांडुपला चौथी ते सातवीच्या शिकवण्या घेते. माझ्याकडच्या एका मुलाच्या आईबरोबर बसून मी फ्री फायर मॅक्स या गोळीबाराच्या मोबाइल गेमच्या एका लाइव्हचं रेकॉर्डिंग स्पीकरवर ऐकलं. सुरुवातीला खेळणारा फार गोड बोलत होता. नवीन आलेल्यांचं स्वागत, आईवडिलांचं ऐका, अभ्यास करा. मग गेमच्या शेवटच्या टप्प्यात कुणीतरी त्याला मागून मारलं आणि थेट आईबहिणीवरून सुरुवात झाली. बाजूच्या चॅटमध्ये पोरं हसत हसत त्याच शिव्या टाइप करत होती. एकाने तर ‘भाई, टीम में ले लो’ म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. ती आई म्हणाली, “मॅडम, मी रोज बघायचे हो, पण मला वाटायचं नुसत्या बंदुकाच आहेत.”

म्हणून चॅनल तपासायचं तर इअरफोन काढून, आणि योग्य जागी. पहिला व्हिडिओ सुरुवातीपासून बघण्यात अर्थ नाही, सुरुवात सगळ्यांचीच चांगली असते. चॅनलवरच्या ‘लाइव्ह’ टॅबमध्ये जा, एखादं जुनं लांबलचक रेकॉर्डिंग उघडा आणि मधूनच, जिथे खेळणारा हरतोय तिथून, दहा मिनिटं ऐका. हरल्यावर माणूस कसा बोलतो, टीममधल्या नवख्या मुलाला ‘नूब’, ‘बॉट’ (म्हणजे खेळता न येणारा) म्हणून कसा हाणून पाडतो, यावरून चॅनलचा स्वभाव कळतो. लाइव्हच्या वेळचं चॅट (‘चॅट रिप्ले’) दिसत असेल तर तोही वाचा. मग ‘शॉर्ट्स’ बघा, कारण लांब व्हिडिओत जपून बोलणारे तिथे भलतंच टाकतात.

थंबनेल पाहून निश्चिंत होऊ नका

‘शिनचॅन तर आहे, बघू दे,’ असं म्हणणारे पालक मला खूप भेटतात. शिनचॅन, डोरेमॉन यांना जीटीए ५ या गेममध्ये घालून हिंदीत गोष्ट रंगवणारे असंख्य व्हिडिओ आहेत. चेहरे कार्टूनचे असले तरी गेम मोठ्यांचा आहे. युरोपच्या पेगी या वयाच्या रेटिंगमध्ये जीटीए ५ ला १८ मिळालेत, तर ठोकळ्यांनी जग बांधायच्या माइनक्राफ्टला ७. एखादा व्हिडिओ याच गेममध्ये नुसता गाड्या पळवण्याचा असेलही, पण त्याच्या शेजारी सुचवला जाणारा तसाच असेल याची खात्री कोण देणार? हगी वगीचंही तेच. मुलं तो निळा, केसाळ बाहुला खेळणं म्हणून मागतात. तो आलाय पॉपी प्लेटाइम नावाच्या भीतीच्या गेममधून. रात्री एकटं झोपायला घाबरणाऱ्या मुलाची आठवड्याभराची वॉच हिस्टरी एकदा जरूर बघा.

उलट चूकही होते. गेमचं नाव ऐकूनच काही घरांत सरसकट बंदी येते. माइनक्राफ्टमध्ये रेडस्टोन (त्या गेममधली वीज) वापरून आपोआप उघडणारं दार कसं बनवायचं हे शांतपणे दाखवणारी चॅनल आहेत. बुद्धिबळाचा डाव हरल्यावर ‘माझी चाल इथे चुकली’ असं मोकळेपणाने सांगणारेही आहेत. असं ऐकणारं मूल काहीतरी शिकतं. गेम तोच असला तरी बोलणारा माणूस कोण आहे, यावर बरंच ठरतं.

‘मेड फॉर किड्स’ हे प्रमाणपत्र समजू नका

‘मुलांसाठी बनवलेला’ असं सांगणारं यूट्यूबचं हे लेबल चॅनलवाला स्वतः लावतो. अमेरिकेत मुलांची माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबने १७ कोटी डॉलर भरून तडजोड केली आणि जानेवारी २०२० पासून ही पद्धत आली. लेबल असलेल्या व्हिडिओवर कॉमेंट्स आणि मुलाच्या आवडीनुसार दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद असतात. व्हिडिओतला मजकूर तुमच्या सात वर्षांच्या मुलीला झेपेल का, हे मात्र कुणी तपासून दिलेलं नसतं.

सेटिंग एका फोनवर करून थांबू नका

मोठ्यांचे व्हिडिओ गाळणारा यूट्यूबचा ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ प्रत्येक फोनवर आणि प्रत्येक ब्राउझरमध्ये वेगळा लावावा लागतो. आईबाबा सकाळची लोकल पकडतात आणि मूल दुपारभर आजीच्या फोनवर असतं, त्या फोनला कुणी हातही लावलेला नसतो. हॉलमधल्या स्मार्ट टीव्हीवर बाबांचं खातं असतं, त्यामुळे सुचवलेले व्हिडिओही बाबांच्या वयाचे येतात. नऊ वर्षांखालच्यांना यूट्यूब किड्स हे मुलांसाठीचं वेगळं ॲपच बरं. तिथे आपण निवडलेलंच दिसेल अशीही सोय आहे. त्याच्या पुढच्यांसाठी पालकांच्या देखरेखीचं खातं काढता येतं. त्यातल्या ‘एक्सप्लोअर’ या नऊ वर्षांपासूनच्या पातळीत लाइव्ह जवळपास येतच नाहीत. माझ्या मते पाचवी-सहावीच्या मुलांसाठी एवढं एक सेटिंग सर्वात उपयोगाचं आहे.

वेळेचंही लक्षात ठेवा. बीजीएमआय हा पबजीसारखा मोबाइल गेम २०२१ मध्ये आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. ती खेळणाऱ्याला होती, बघणाऱ्याला नव्हती. पुढचा व्हिडिओ आपोआप लावणारं ऑटोप्ले आपल्यालाच बंद करावं लागतं.

व्हिडिओखालची माहिती वाचायला विसरू नका

‘मोर’ दाबून पूर्ण मजकूर उघडा. टेलिग्राम किंवा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या लिंक असतील तर सावध व्हा, डिस्कॉर्डला तर वयाची अट १३ आहे. ‘फ्री डायमंड’ (गेममधलं चलन), रिडीम कोड, मॉड एपीके (गेमची फेरफार केलेली फाइल) असं काही दिसलं तर ते चॅनल आपल्या घरातून बाद. फुकट डायमंडच्या नावाने गेमचं लॉगिन, कधी आईच्या फोनवरचा ओटीपीसुद्धा काढून घेतला जातो. कलर प्रेडिक्शनसारख्या (कोणता रंग येईल यावर) पैसे लावायच्या ॲपची जाहिरात असेल तर प्रश्नच मिटला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन गेमना आणि त्यांच्या जाहिरातींनाही मनाई आहे. मात्र आधी टाकलेले व्हिडिओ आणि त्यांखालच्या लिंक आपोआप नाहीशा होत नाहीत.

चॅनल वाईट निघालं तर

फोन हिसकावून घेऊ नका. बिल्डिंगच्या जिन्यात मित्राच्या फोनवर तेच चॅनल चालू होईल आणि पुढच्या वेळी मूल तुम्हाला काही सांगणार नाही. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, “हा दादा हरल्यावर असा का बोलतो रे? तुला आपल्या टीममध्ये असा कॅप्टन चालेल?” दहा वर्षांचं मूल यावर खूप स्पष्ट बोलतं. मग त्याच्यासमोरच त्या चॅनलच्या व्हिडिओजवळचे तीन ठिपके दाबून ‘डोन्ट रेकमेंड चॅनल’ निवडा आणि हिस्टरीतून ते व्हिडिओ काढा, नाहीतर तसलेच दुसरे समोर येत राहतात. त्याच बैठकीत त्याच्या आवडीच्या गेमचं एखादं बरं चॅनल दोघांनी मिळून शोधा.

मुलाने चॅटमध्ये नंबर, शाळेचं नाव किंवा फोटो दिला असेल आणि कुणी त्याच्याशी संपर्क करत असेल, तर मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा, त्या माणसाला ब्लॉक करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त.