ॲम्प्लिफायरचा क्लास बदलण्याआधी या चुका टाळा

क्लास ए म्हणजे गोड, क्लास एबी म्हणजे ठीकठाक, क्लास डी म्हणजे कोरडा. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास बोर्ड किंवा ट्रान्सफॉर्मर घ्यायला गेलं की हे समीकरण हमखास कानावर पडतं. मग त्यावर विसंबून चांगला चालणारा ॲम्प्लिफायर विकला जातो आणि दुप्पट पैसे मोजून दुसरा घरी येतो.

क्लास म्हणजे आउटपुटचे ट्रान्झिस्टर कसे आणि किती वेळ प्रवाह वाहून नेतात, एवढंच. क्लास ए मध्ये ते कधीच बंद होत नाहीत. क्लास बी मध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक बाजू आणि खालचा अर्धा दुसरी बाजू सांभाळते. क्लास एबी मध्ये हीच रचना असते, फक्त दोन्ही बाजू मधल्या पट्ट्यात थोडा वेळ एकत्र चालतात. क्लास डी मध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात, आणि पुढचा कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर त्यातून गाणं वेगळं काढतो. ‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी नंतरचं ते पुढचं अक्षर.

कानाला यातलं काहीच थेट कळत नाही. कानाला कळते ती विकृती, मागची सुरसुर, वेगवेगळ्या स्पीकरवर बदलणारा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स आणि ताकद संपल्यावर फाटणारा आवाज. या चारही गोष्टी नीट जमलेले ॲम्प तिन्ही क्लासमध्ये मिळतात, आणि बिघडलेलेही तिन्हींत मिळतात. १९७८ साली इंग्लंडमध्ये क्वाड कंपनीचे तीन ॲम्प पातळी जुळवून, कोणता चालू आहे ते न सांगता ऐकवले गेले: व्हॉल्व्हवरचा क्वाड टू, ट्रान्झिस्टरचा ३०३ आणि करंट डंपिंग पद्धतीचा (लहान अचूक ॲम्प मोठ्या ट्रान्झिस्टरना सांभाळतो अशा) ४०५. तिघांची रचना अगदी वेगळी, तरी ऐकणाऱ्यांना ते वेगळे ओळखता आले नाहीत. म्हणून फरक ऐकू आला तर क्लासला दोष देण्याआधी बाकीची कारणं तपासायची.

पातळी न जुळवता तुलना करणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. दोन ॲम्पमध्ये अर्ध्या ते एक डेसिबलचा फरक असेल तर तो ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही. तो ‘जास्त खुला’, ‘जास्त जिवंत’ असा जाणवतो. व्हॉल्यूमच्या खुंट्या दोन्हीकडे बारावर ठेवल्याने पातळी जुळत नाही, कारण प्रत्येक ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल किती पटीने वाढवायचा ते प्रमाण, वेगळा असतो.

फोनवरून १०० हर्ट्झचा साइन टोन वाजवा आणि स्पीकर जोडलेला असतानाच त्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. टोन १०० हर्ट्झचाच घ्या, कारण स्वस्त मीटर काही शे हर्ट्झच्या पुढे चुकीचा आकडा दाखवतात. पहिल्या ॲम्पवर २ व्होल्ट ठेवा, दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या आत आणा. म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत आला. क्लास डी मोजताना मीटरच्या एका प्रोबला १ किलोओमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि मीटरच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर स्विचिंगचे अवशेष आकडा बिघडवतात.

अदलाबदल दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. १६ वेळा विचारल्यावर १२ किंवा जास्त उत्तरं बरोबर आली तर फरक खरोखर ऐकू येतो असं मानायला आधार आहे. ९-१० बरोबर म्हणजे अंदाज. बाजारात मिळणारे स्पीकर सिलेक्टर सगळे मायनस एकत्र जोडतात. क्लास डी बोर्डवर असा सिलेक्टर लावला तर आउटपुट चिप जाऊ शकते. प्लस आणि मायनस दोन्ही तोडणारा डबल पोलचा स्विच वापरा.

‘प्युअर क्लास ए’ या पट्टीवर विश्वास ठेवणे

हे तपासायला ऑसिलोस्कोप लागत नाही. प्लगमध्ये लावायचा वॉट मीटर आणा, गाणं बंद ठेवून ॲम्प अर्धा तास तापू द्या आणि आकडा वाचा. क्लास ए पुश-पुल (आउटपुटला ट्रान्झिस्टरच्या दोन बाजू असलेल्या) ॲम्पची कार्यक्षमता सिद्धांतानेही ५० टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे ८ ओमवर दर चॅनेल ५० वॉट खऱ्या क्लास ए मध्ये द्यायचे असतील, तर ॲम्पने नुसतं बसूनही किमान २०० वॉट खाल्ले पाहिजेत. आयडलला, म्हणजे गाणं बंद असताना, ६०-७० वॉट दिसले तर तो थोडा जास्त बायस (सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहू दिलेला करंट) दिलेला क्लास एबी आहे. वाईट आहे असं नाही, पण त्यासाठी क्लास ए ची किंमत देऊ नका.

आणखी एक. हा हिशोब ८ ओमचा. त्याच ॲम्पला ४ ओमचा स्पीकर लावला की क्लास ए मध्ये मिळणारी ताकद निम्मी होते, कारण आयडल करंट तेवढाच राहतो.

अशा ॲम्पला बंद टीव्ही युनिटमध्ये ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३६-३७ अंश सहज असतात. त्यावर हीटसिंकचे तीस अंश चढले की आतल्या ८५ अंशांच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य झपाट्याने घटतं; दर १० अंशांना साधारण निम्मं. बदलायची वेळ आली तर १०५ अंशांचेच घ्या आणि वर निदान चार बोटं मोकळी हवा ठेवा.

क्लास एबी चा बायस अंदाजाने फिरवणे

जुन्या एबी ॲम्पबद्दलच्या बहुतेक तक्रारी इथे सुटतात. बायस कमी पडला की वरची बाजू सोडताना आणि खालची पकडताना मध्ये खाच पडते. मोठ्या व्हॉल्यूमला ती झाकली जाते. पण रात्री हळू आवाजात तानपुरा किंवा विलंबित आलाप लावला की सुरावर खरखरीत कड येते, कारण सिग्नल लहान झाला तरी खाच तेवढीच राहते. हाच अनुभव ‘एबी चा आवाज रुक्ष’ या मताच्या मुळाशी असतो.

उलट टोकाची चूकही तितकीच होते: बायस जितका जास्त तितकं क्लास ए च्या जवळ, म्हणून प्रीसेट (बोर्डवरची बायस जुळवायची छोटी खुंटी) फिरवत राहायचं. मधल्या पट्ट्यात दोन्ही बाजू एकत्र चालतात तेव्हा आउटपुट टप्प्याला इनपुटच्या दर व्होल्टमागे मिळणारा करंट जवळपास दुप्पट असतो. पट्टा संपला की तो एकदम खाली येतो. ही पायरी नवी विकृती तयार करते आणि हीटसिंक फुकट तापतो. पूर्ण क्लास ए करा किंवा योग्य आकड्यावर थांबा. अधलामधला बायस दोन्हीकडून तोट्याचा.

सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर त्यातलाच आकडा पाळा. नसेल, आणि आउटपुटला २एससी५२०० व २एसए१९४३ सारखी साधी एमिटर फॉलोअर जोडी असेल, तर असं करा:

१. पहिल्यांदा वीज देताना १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर बंद करा. कुठेतरी शॉर्ट आहे.

२. प्रीसेट कमीत कमी बायसवर असल्याची खात्री करा. इनपुट शॉर्ट, स्पीकर काढलेले.

३. बल्ब काढा. बल्ब सिरीजमध्ये असताना व्होल्टेज कमी असतं, त्यामुळे तेव्हा लावलेला बायस चुकतो.

४. मीटर मिलिव्होल्टवर घेऊन एका एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर लावा. हळूहळू वाढवत २० ते २६ मिलिव्होल्टवर आणा. रेझिस्टर ०.२२ ओमचा असेल तर हे साधारण ९० ते १२० मिलिअँपियर झाले.

५. झाकण ठेवून अर्धा तास चालवा, पुन्हा मोजा, पुन्हा जुळवा.

६. शेवटी स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर जोडा.

मॉसफेट आणि कॉम्प्लिमेंटरी फीडबॅक पेअरच्या आउटपुटला हे आकडे लागू नाहीत. आकडा तापल्यावर चढतच राहिला तर बायसचा लहान ट्रान्झिस्टर बघा; तो हीटसिंकला घट्ट चिकटलेला हवा. बोर्डवर नुसता उभा असेल तर त्याला आउटपुटच्या तापमानाची खबर मिळत नाही आणि करंट वाढत जाऊन जोडी जळते. धूळ बसलेला जुना प्रीसेट मात्र आधीच बदला. काही सर्किटमध्ये त्याचा मधला स्पर्श सुटला की बायस थेट टोकाला जातो.

हळू आवाजातली खरखर बायस बरोबर असूनही गेली नाही, तर स्पीकर प्रोटेक्शनचा रिले तपासा. पावसाळ्याच्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या रिलेच्या स्पर्शांवर थर येतो. ओळख सोपी आहे: एक चॅनेल हळू आवाजात बारीक किंवा गायब असतो, व्हॉल्यूम क्षणभर वाढवला की ‘टक्’ होऊन परत येतो. स्पर्श पॉलिश पेपरने घासू नका, चांदीचा मुलामा निघतो. तेवढ्याच कॉइल व्होल्टेजचा नवीन रिले घाला.

ट्रान्झिस्टर बदलायची वेळ आली तर नकली मालापासून सावध राहा. ५२०० आणि १९४३ ही जोडी नकलांसाठी बदनाम आहे. भाव संशयास्पद कमी असेल तर त्याच लॉटमधला एक जादा घ्या आणि पक्कडीने फोडून बघा. आतला सिलिकॉनचा चौकोन जुन्या अस्सल जळलेल्या नगापेक्षा बराच लहान दिसला, तर बाकीचे लावू नका. मीटरवर नकली नगही ठीक दाखवतो आणि मोठ्या व्हॉल्यूमला पहिल्याच दिवशी उडतो.

क्लास डी बोर्डच्या चुका क्लासच्या नावावर खपवणे

टीपीए३११६ या क्लास डी चिपचे बोर्ड सर्वत्र मिळतात आणि क्लास डी बद्दलचं मत बहुतेक वेळा त्यांच्यावरूनच बनतं. पहिली तक्रार ‘बास नाही’ ही असते. चिपचा गेन २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल निवडता येतो आणि गेन वाढवला की इनपुट इम्पिडन्स (इनपुटचा विरोध) घटतो: २० ला ६० किलोओम, ३६ ला फक्त ९. बोर्डवर ३६ चा गेन आणि ०.२२ मायक्रोफॅरडचे इनपुट कपॅसिटर असतील तर बास ८० हर्ट्झपासूनच कापला जातो. गेन २० वर आणला तर हीच मर्यादा १२ हर्ट्झवर जाते आणि सुरसुरही कमी होते. २ व्होल्ट देणाऱ्या डीएसीला (डिजिटल गाणं ॲनालॉग करणाऱ्या यंत्राला) २० डेसिबल पुरेसे आहेत. त्यासाठी गेन पिनपासून ग्राउंडला ५.६ किलोओम ठेवायचा आणि त्याच पिनपासून चिपच्या आतल्या सप्लायकडे (जीव्हीडीडी) जाणारा रेझिस्टर काढायचा. चिप ही निवड वीज देतानाच वाचते, त्यामुळे बदल बंद करून करा.

दुसरी तक्रार: एका स्पीकरवर ट्रेबल टोचतो, दुसऱ्यावर दबतो. इथे कान खरं सांगत असतात. या चिपचा फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी आउटपुटचा परत घेतलेला नमुना) फिल्टरच्या आधीच घेतलेला असतो, त्यामुळे १० मायक्रोहेन्री व ०.६८ मायक्रोफॅरडचा नेहमीचा फिल्टर २० किलोहर्ट्झला ८ ओमवर सुमारे अर्धा डेसिबल वर उचलतो आणि ४ ओमवर पाऊण डेसिबल खाली ओढतो. फीडबॅक फिल्टरनंतर घेणाऱ्या डिझाइनमध्ये, उदाहरणार्थ हायपेक्सच्या एनकोरमध्ये, हा परिणाम जवळपास नाहीसा होतो. क्लास तोच, फक्त जोडणी वेगळी.

तिसरी: ‘१०० वॉटचा बोर्ड, पण जोर नाही’. चिपचे ५० अधिक ५० वॉट हे २१ व्होल्ट, ४ ओम आणि तब्बल १० टक्के विकृतीवरचे आहेत. स्वतः मोजायचं तर सप्लायच्या व्होल्टेजचा वर्ग करा आणि स्पीकरच्या ओमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्टचा राउटरचा अडॅप्टर आणि ८ ओमचा स्पीकर: १४४ भागिले १६, म्हणजे फार तर ९ वॉट. २४ व्होल्टला ३६. संगीतातले क्षणिक उंचवटे सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबल वर जातात आणि २० डेसिबल म्हणजे ताकद शंभरपट. अर्ध्या वॉटवर ऐकतानाही तबल्याच्या थापेला ५० वॉट लागू शकतात. तिथे आवाज फाटला की नाव क्लास डी चं खराब होतं. २४ व्होल्ट, ५ अँपियरचा चांगला सप्लाय घ्या. ४ ओमच्या स्पीकरला शिखर करंट ६ अँपियरपर्यंत जातो, म्हणून फिल्टर कॉइलचं सॅच्युरेशन (ज्या करंटला कॉइलचा गाभा भरून ती निकामी होते तो आकडा) निदान ७-८ अँपियरचं हवं. स्वस्त बोर्डवरच्या बारीक कॉइल त्याआधीच सॅच्युरेट होतात.

या बोर्डचा कुठलाही स्पीकर मायनस ग्राउंडला, चेसिसला किंवा ऑसिलोस्कोपच्या क्लिपला जोडू नका. दोन्ही टोकं जिवंत असतात. सबवूफरला स्पीकर तारांवरून सिग्नल देतानाही त्याचा इनपुट डिफरेन्शियल आहे का, म्हणजे त्याचा मायनस ग्राउंडला जोडलेला तर नाही ना, ते आधी मॅन्युअलमध्ये पाहा.

घरात मीडियम वेव्हचा रेडिओ लागत असेल तर एक बारकावा. बोर्ड ४०० किलोहर्ट्झवर चालत असेल तर त्याचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रीक्वेन्सी) ८०० ला येतो आणि पुणे आकाशवाणी ७९२ वर आहे. शेजारी ठेवलेल्या रेडिओत शिट्टी येऊ शकते. स्विचिंग ५०० किंवा ६०० वर न्या, स्पीकरच्या तारा आखूड आणि पिळलेल्या ठेवा.

खोली विसरणे

दहा बाय बाराची, व्हिट्रिफाइड टाइल्सची, उघड्या भिंतींची खोली साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झला घुमते, आणि स्पीकर एक फूट सरकवल्याने बासमध्ये कित्येक डेसिबलचा फरक पडतो. दोन नीट चालणाऱ्या ॲम्पमधला फरक याच्या आसपासही येत नाही. त्यामुळे वरचं सगळं तपासून झालं आणि तरीही बास घुमतच असेल, तर नवीन ॲम्पचे पैसे जाड गालिचा आणि पडद्यांवर घालूनही तो जाणार नाही. ती मात्रा ट्रेबलच्या खणखणाटावर. बाससाठी स्पीकर मागच्या भिंतीपासून सहा-सहा इंच पुढे आणत जा, बसायची जागा भिंतीला टेकलेली असेल तर दोन फूट पुढे घ्या, आणि प्रत्येक बदलानंतर ४० ते ८० हर्ट्झचा हळू सरकणारा टोन लावून कोणता स्वर एकदम फुगतो ते लिहून ठेवा.