आठवड्याला एकच गोष्ट: घरी मुलांना बायबल शिकवताना

ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, लोकलमधून उतरून घर गाठेपर्यंत साडेआठ वाजतात. त्यामुळे मुलांसोबतच्या उपासनेला जेवणानंतरची, टीव्ही बंद असलेली दहा मिनिटं ठेवा. तासाभराचा बेत पहिल्या चाचणी परीक्षेलाच बारगळतो. गोष्टही आठवड्याला एकच. रोज नवी सांगितली की नोहाचं तारू, योनाचा मासा आणि पेत्राची होडी यांची खिचडी होते.

सुरुवात बायबलमधल्या, येशूचं जीवन सांगणाऱ्या मार्ककृत शुभवर्तमानापासून करा. अध्याय 16च आहेत आणि प्रसंग भराभर पुढे सरकतात. सोमवारी शास्त्र उघडून वाचा, मंगळवारी मिटून आपल्या शब्दांत सांगा, बुधवारी मुलाला सांगू द्या. त्याचं चुकलं तरी मध्येच तोडू नका. गुरुवारी पुन्हा वाचताना चूक बहुधा त्याच्याच लक्षात येते. शुक्रवारी चित्र किंवा खेळ.

जागा डोळ्यांसमोर आली नाही तर गोष्ट अर्धीच पोहोचते. येशूने वादळ शांत केल्याचा प्रसंग (मार्क 4:35-41) ऐकताना ठाण्यातल्या मुलाला मासुंदा तलाव आठवतो, आणि एवढ्याशा पाण्यात येशूच्या शिष्यांमधले मुरलेले कोळी घाबरले कसे, हे त्याला कळत नाही. गालील समुद्र हाही गोड्या पाण्याचा तलावच, पण सुमारे 21 किलोमीटर लांब आणि 13 किलोमीटर रुंद. ठाण्याहून वाशीपर्यंत लोकलने जाताना खिडकीबाहेर सगळं पाणीच आहे असं समज, म्हणावं. भोवती डोंगर, तिथून वारा एकाएकी खाली उतरतो. तसंच छप्पर उघडून चौघांनी पक्षाघाती माणसाला खाली सोडलं (मार्क 2:1-12), हे स्लॅबखाली वाढलेल्या मुलाला पटत नाही. तिथली छपरं सपाट, लाकडं आणि फांद्यांवर माती थापलेली असत, हे आधीच सांगा.

शंभरातलं एक मेंढरू हरवतं, त्या दाखल्याला (लूक 15:3-7) शंभर सुके वाटाणे लागतात. मुलाला दहा-दहाचे दहा ढीग करायला लावा. त्याच्या नकळत एक उचलून सोफ्याखाली टाका आणि पुन्हा मोजायला सांगा. नऊचा ढीग सापडला की तो स्वतःच शोधायला लागतो. सापडल्यावर लगेच वाचा, समजावू नका. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर वाटाणे नकोत, नाकात किंवा घशात जातात. दहा चमचे घ्या.

सगळ्यात जास्त बिघडतं ते शेवटी जोडलेल्या उपदेशाने. ‘म्हणून तू ताईशी भांडायचं नाही’ असं दर वेळी आलं की गोष्ट म्हणजे ओरडा, हे मुलाच्या मनात पक्कं बसतं. त्यापेक्षा ‘या गोष्टीत तू कोण असतास?’ एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर दोन दिवसांनी रिक्षात आलं तरी चालेल. वचन लिहून काढण्याची शिक्षा तर कधीच देऊ नका.

अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला निघतो तो प्रसंग (उत्पत्ती 22) लहानग्यांना सांगू नये. आपले बाबाही असं करतील का, ही भीती रात्री झोपू देत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाशी त्यावर नीट बोलता येतं.

पाठांतराला स्तोत्र 23 घ्या. वचनं 6 आहेत. दोन आठवड्यांना एक धरलं तरी तीन महिन्यांत पूर्ण होतं.

प्रार्थना मुलाच्याच शब्दांत असावी: एका गोष्टीबद्दल आभार, एक मागणं, एका माणसाचं नाव. तुम्हीही त्याच्यासमोर तेवढीच साधी प्रार्थना करा. दिवसभरात त्याच्यावर विनाकारण चिडला असाल, तर आधी त्याची क्षमा मागा आणि मग देवाची. क्षमा म्हणजे काय, हे त्याला तिथेच कळतं.

‘आजीसाठी प्रार्थना केली, तरी ती का गेली?’ असं मूल विचारेल. घाईने ‘देवाची इच्छा’ म्हणून विषय मिटवू नका. मित्र लाजर वारला तेव्हा त्याच्या कबरेजवळ येशू स्वतः रडला, ते योहान 11 मधून वाचा आणि त्यालाही रडू द्या. उत्तर येत नसेल तर तसं सांगा, प्रश्न वहीत लिहा आणि रविवारी उपासनेनंतर मुलाला सोबत घेऊन पाळकसाहेबांना विचारा. प्रश्न मुलानेच विचारायचा, तुम्ही नाही.