ऑक्टोबर उजाडण्याआधी: मेडिकेअर प्लॅन विकायला निघालेल्या मराठी एजंटांची तयारी

न्यू जर्सीत किंवा आसपास मेडिकेअरचं, म्हणजे अमेरिकेत मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विम्याचं, काम नव्याने सुरू करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. आपलं गिऱ्हाईक बहुतेक ओळखीतलंच असतं. ज्यांच्या घरी आपण गणपतीला जेवलो, ज्यांच्या नातवंडांबरोबर आपली मुलं शाळेत गेली, तेच काका आता पासष्टीचे झालेले असतात आणि म्हणतात, "तू सांगशील तिथे सही करतो." ही सही सर्वांत जपून घ्यायची असते. सीएमएस, म्हणजे मेडिकेअर चालवणारी केंद्रीय संस्था, जे नियम घालते ते फोनवरून गळ घालणाऱ्या परक्यांसाठी आहेत असं वाटतं. पण आंधळा विश्वास टाकणाऱ्या माणसाला त्यांची गरज जास्त असते.

कागदपत्रं उन्हाळ्यातच उरकून घ्या. राज्याचं आरोग्य विम्याचं लायसन्स हवं, आणि ते गिऱ्हाईक जिथे राहतं त्या राज्याचं हवं. तुम्ही एडिसनला आणि काकू डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात असतील, तर तिथलं लायसन्स काढल्याशिवाय त्यांना प्लॅन विकता येत नाही. बहुतेक कंपन्या एएचआयपीची, म्हणजे आरोग्य विमा कंपन्यांच्या संघटनेची, परीक्षा मागतात. तिला 90 टक्के लागतात, तीन संधी मिळतात आणि ती दरवर्षी नव्याने द्यावी लागते. त्यानंतर प्रत्येक कंपनीचं वेगळं सर्टिफिकेशन असतं. ते पूर्ण व्हायच्या आत त्या कंपनीचा अर्ज भरू नका. चुकांची भरपाई देणारा ई अँड ओ विमाही काढून ठेवा.

मग कॅलेंडर. पुढच्या वर्षाच्या प्लॅनची जाहिरात 1 ऑक्टोबरपासून करता येते. अर्ज 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या काळात घेता येतात आणि प्लॅन 1 जानेवारीला लागू होतो. म्हणजे मंडळाचा गणेशोत्सव बहुधा जाहिरातीच्या आधी येतो आणि दिवाळी ऐन हंगामात. गणपतीत टेबल लावायचं असेल तर ते माहितीचं असू द्या: मेडिकेअर म्हणजे काय, भाग ए (रुग्णालयाचा) आणि बी (डॉक्टर-तपासण्यांचा) कशासाठी, नाव केव्हा नोंदवायचं. तिथे कुठल्या कंपनीच्या प्लॅनचे फायदे किंवा हप्ते सांगायचे नाहीत, अर्ज वाटायचे नाहीत. दिवाळीत विक्रीचा कार्यक्रम ठेवलात तर चहा-चिवडा चालतो, जेवण चालत नाही. चकली, करंजी, बटाटेवडा, पुरी-भाजी हे सगळं "किरकोळ खाणं" म्हणून मांडलं तरी पोट भरलं की ते जेवणच धरलं जातं. भेटवस्तू 15 डॉलरपर्यंतची, एका माणसाला वर्षभरात 75 डॉलरच्या आत, आणि ती प्लॅन घेवो न घेवो सर्वांना सारखी. रोख रक्कम कधीच नाही.

आता संपर्क. आपल्या लोकांची गाडी सर्वांत जास्त इथे अडते. न विचारता फोन करायचा नाही, दार ठोठवायचं नाही, टेक्स्ट किंवा थेट मेसेज पाठवायचा नाही. व्हॉट्सॲपही त्यातच आलं. मंडळाच्या यादीतून नंबर काढून "काका, यंदा प्लॅन बदलायचा का?" असं एकेकाला लिहिलं, तर ओळख कितीही जुनी असली तरी तो आगंतुक संपर्कच ठरतो. टपालाने पत्रक पाठवता येतं. ईमेलही पाठवता येतो, फक्त नको असेल तर थांबवण्याची सोय त्यात हवी. गिऱ्हाईकाकडे "अजून कोणाचे नंबर द्या ना" असं मागू नका. तुमचं कार्ड त्यांच्या हाती द्या, ज्यांना गरज असेल ते स्वतः फोन करतील. स्वतः तयार केलेलं मराठी पत्रक ग्रुपवर टाकायची घाई करू नका. त्यात प्लॅनचे फायदे किंवा हप्ते आले की ती विक्रीची सामग्री झाली आणि ती आधी कंपनीकडून व सीएमएसच्या व्यवस्थेतून जावी लागते. भाषा मराठी आहे म्हणून सूट नाही. मेडिकेअरचं बोधचिन्ह किंवा कार्डाचं चित्र स्वतःच्या पत्रकावर वापरू नका, आणि "मी मेडिकेअरकडून बोलतेय" हे वाक्य तर तोंडातून निघताच कामा नये.

भेट ठरली की स्कोप ऑफ अपॉइंटमेंटचा फॉर्म आधी भरून घ्यायचा. कशावर बोलायचं, ॲडव्हान्टेज प्लॅन (मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत घेतलेला), औषधांचा भाग डी की मेडिगॅप (मूळ मेडिकेअरनंतर उरलेला खर्च उचलणारा पूरक विमा), ते गिऱ्हाईक त्यात ठरवतं. फॉर्म आणि भेट यांत 48 तासांचं अंतर ठेवण्याचा नियम 2023 च्या हंगामापासून आला, त्यालाही काही अपवाद होते. असे तपशील सीएमएस वर्षागणिक बदलते, म्हणून प्रत्येक हंगामाआधी त्या वर्षीचा मजकूर स्वतः वाचा. गेल्या वर्षीच्या वहीवर विसंबू नका. फॉर्ममध्ये खूण नसलेल्या प्लॅनवर बोलायचं नाही. आयुर्विमा आणि ॲन्युइटी तर या भेटीत काढायच्याच नाहीत, काकांनी आपणहून विषय काढला तरी वेगळी वेळ द्या.

प्रत्यक्ष भेटीला मी भरपूर वेळ ठेवते. कुटुंबाचे डॉक्टर, स्पेशालिस्ट, दवाखाना आणि नेहमीचं औषधाचं दुकान यांची नावं घेऊन, ते सगळे प्लॅनच्या जाळ्यात आहेत का ते समोरच पाहायचं. औषधांची यादी तोंडी घेऊ नका, बाटल्या टेबलावर आणायला सांगा. एका आजींच्या डब्यात तीन पट्ट्या भारतातून आणलेल्या निघतील: थायरोनॉर्म, ग्लायकोमेट, टेल्मा. इथल्या प्लॅनच्या यादीत ही नावं सापडणार नाहीत. तिथे लिव्होथायरॉक्सिन, मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन शोधायचं, तेही बरोबर मिलिग्रॅमसह. पट्ट्या संपल्यावर इथून औषध घ्यायची वेळ येईल तेव्हा ते कुठल्या टियरमध्ये (किमतीच्या पायरीत) आहे आणि कितीला पडेल, हे आजच सांगा.

आणि मग प्रवास. "हिवाळ्यात किती महिने भारतात असता?" हा प्रश्न कुठल्याही फॉर्मवर ठळक छापलेला नसतो, पण आपल्या गिऱ्हाईकासाठी तोच निर्णायक आहे. मूळ मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळजवळ काहीच देत नाही. ॲडव्हान्टेज प्लॅनचा सभासद सलग सहा महिन्यांहून जास्त काळ प्लॅनच्या भागाबाहेर राहिला, तर साधारणपणे त्याचं नाव कमी होतं. पुण्यात नोव्हेंबरला गेलेले काका भाच्याच्या लग्नासाठी मेअखेरपर्यंत थांबले, की ते त्या रेषेपलीकडे गेले. काही ॲडव्हान्टेज प्लॅन परदेशातली तातडीची सेवा देतात, त्याची मर्यादा किती ते बघून सांगा. मेडिगॅपच्या सी, डी, एफ, जी, एम आणि एन या प्रकारांत परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे 80 टक्के मिळतात, 250 डॉलर स्वतः भरल्यावर, प्रवासाच्या पहिल्या 60 दिवसांत, आणि आयुष्यभरात 50,000 डॉलरपर्यंत. हे आकडे त्यांना कागदावर लिहून द्या. "तिकडे असताना कशाला भरायचा" म्हणून कोणी भाग बी सोडायला निघालं तर परतल्यावर काय होईल तेही सांगा: उशिराचा दंड पूर्ण 12 महिन्यांमागे 10 टक्के, आणि तो सहसा जन्मभर हप्त्यात राहतो.

मेडिगॅप की ॲडव्हान्टेज, हा निर्णय हप्ता शून्य आहे एवढ्यावर होऊ देऊ नका. पासष्टीनंतर भाग बी सुरू झाल्यापासून सहा महिने मेडिगॅप कंपनी तब्येतीवरून नाकारू शकत नाही. ती मुदत गेली की बहुतेक राज्यांत आरोग्याचे प्रश्न विचारून नाही म्हणू शकते. पहिल्यांदाच ॲडव्हान्टेज घेतलेल्याला सुरुवातीच्या 12 महिन्यांत परत फिरण्याची सोय काही परिस्थितींत असते. हे सही करायच्या आधी कळलं पाहिजे. शून्य हप्त्याच्या प्लॅनला "फुकट" म्हणू नका, नियमातही ते बसत नाही. भाग बीचा हप्ता चालूच राहतो आणि डॉक्टरकडे गेलं की स्वतःचा वाटा भरावा लागतो.

मुलांनी इकडे आणलेल्या आईवडिलांची पात्रता वेगळी तपासा. त्यांनी किंवा त्यांच्या जोडीदाराने इथे साधारण दहा वर्षं कर भरून काम केलेलं नसेल, तर ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहिल्यावरच त्यांना मेडिकेअर विकत घेता येतं, आणि भाग एलाही हप्ता पडतो. मुलाने भरलेला कर त्यांच्या खात्यात धरला जात नाही. नोकरी करणाऱ्यांची एक गोष्ट लक्षात ठेवा: नोकरीचा विमा संपल्यावर भाग बीसाठी आठ महिने मिळतात, पण कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतःच्या पैशाने चालू ठेवलेला कंपनीचा विमा) हा चालू नोकरीचा विमा धरला जात नाही. कोब्रावर निवांत बसलेल्यांना दंड लागलेला अनेकदा दिसतो.

फोनवर विक्रीचं बोलणं असेल तर कॉल रेकॉर्ड करायचा आणि त्या वर्षीच्या नियमात सांगितलेल्या मुदतीपर्यंत जपायचा. बोलणं मराठीत असलं तरी. सुरुवातीलाच ठरलेलं निवेदन वाचायचं: आपण सगळे प्लॅन विकत नाही, किती कंपन्यांचे किती विकतो, आणि बाकीच्यांसाठी मेडिकेअरची हेल्पलाइन व राज्यातली शिप ही मोफत सल्ला सेवा आहे. इंग्रजीत भराभर उरकू नका, तेच मराठीत सावकाश सांगा. अर्जावर सही स्वतः सभासदाची किंवा राज्याच्या कायद्याने अधिकार असलेल्या प्रतिनिधीची. मुलगा लॅपटॉप घेऊन शेजारी बसला असेल तर मदत करू द्या, पण "आई, मी दाबतो" म्हणाला तर हात थांबवा. कायदेशीर मुखत्यारपत्र असेल तर त्याची प्रत मागा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्या प्रत्येक नव्या सभासदाला फोन करा. कार्ड आलं का, दुकानात औषध सांगितलेल्या किमतीत मिळालं का, डॉक्टरच्या काउंटरवर काही अडलं का, विचारा. 31 मार्चपर्यंत ॲडव्हान्टेजमधल्या माणसाला एकदा प्लॅन बदलता येतो. हा काळ दाखवून नवी गिऱ्हाइकं ओढायला मनाई आहे, पण आपल्या सभासदाची अडचण निघाली आणि त्याने विचारलं तर मार्ग सांगायचा. पहिल्या तीन महिन्यांत तो प्लॅन सोडून गेला तर कमिशन बहुधा परत जातं. जाऊ द्या, आणि त्याला बसणाऱ्या प्लॅनचा अर्ज तितक्याच काळजीने भरा.