भविष्यवाणी ऐकली आणि पार्टीने तलवार काढली: गुड कॅरेक्टर खेळताना या चुका टाळा

डी अँड डी म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून गोष्टीतली पात्रं खेळायचा खेळ. त्याच्या टेबलवर डीएमने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या डन्जन मास्टरने, भविष्यवाणी काढली की पुढचं जवळपास ठरलेलंच असतं, एक जण वहीत लिहून घेतो, एक जण लगेच म्हणतो हे नक्की त्या सरदाराबद्दल आहे, आणि थोड्याच वेळात चार गुड अलाइनमेंटची, म्हणजे चांगल्या वृत्तीची, कॅरेक्टर्स एका निरपराध माणसाचं काय करायचं यावर भांडायला लागतात. भांडण होऊ दे, भांडणातच मजा आहे, पण बहुतेक वेळा ते चुकीच्या मुद्द्यावर होतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक भविष्यवाणी बनवतो: “तिसरा पूर चढेल तेव्हा नावाड्याची लेक दार उघडेल, आणि गडाखाली निजलेलं जागं होईल.” दोन पूर येऊन गेलेत. नावाड्याची लेक गावातच राहते, वय अकरा, बापाबरोबर होडीवर असते आणि पार्टीला, म्हणजे प्लेअर्सच्या कॅरेक्टर्सच्या टोळीला, तिने एकदा फुकट पलीकडे सोडलंय. आता बघा टेबलवर काय काय होतं.

“मुलगीच नको, म्हणजे दाराचा प्रश्नच नको”

हे कोणीतरी बोलतंच, आणि बोलणारा बऱ्याचदा व्हेंजन्स ओथवाला पॅलाडिन असतो, म्हणजे सूडाच्या शपथेने बांधलेला योद्धा. त्याचं म्हणणं असं की माझी शपथच आहे मोठ्या दुष्टाईशी आधी लढायचं, एका जिवाच्या बदल्यात अख्खं गाव वाचतंय तर वाचवा ना. अरे पण शपथ म्हणते समोर छोटा आणि मोठा शत्रू असेल तर मोठ्याला निवड, ही मुलगी त्यातली कुठली? तिने अजून काहीही केलेलं नाही. जे झालंच नाही त्याची शिक्षा आधी देऊन मोकळं होणारा माणूस आपल्याला लहानपणापासून माहितीये, आकाशवाणी ऐकून देवकीवर तलवार उपसणारा कंस. आणि गंमत म्हणजे भागवतातला कंससुद्धा सुरुवातीला थांबतो, वसुदेव दिलेल्या शब्दाप्रमाणे पहिलं मूल घेऊन येतो तेव्हा तो ते परत पाठवतो, म्हणतो मला भीती आठव्याची आहे, याची नाही. नंतर नारद येऊन देवांचा बेत सांगतात आणि मग त्याचं डोकं फिरतं. म्हणजे तुमची गुड पार्टी भविष्यवाणी ऐकली त्याच रात्री होडीकडे सुरा घेऊन निघाली असेल तर ती कंसापेक्षाही घाईत आहे!

तिसऱ्या एडिशनमध्ये, म्हणजे २००० साली, पॅलाडिन लॉफुल गुडच (कायदा पाळणारा आणि चांगला) असावा लागायचा आणि त्याने जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की त्याच्या पॉवर्स जायच्या. २०१४ च्या पाचव्या एडिशनमध्ये अलाइनमेंटची ती सक्ती नाही, त्यामुळे काही प्लेअर्सना वाटतं की आता सगळं चालतं. चालतं, पण मग नावाडी रोज घाटावर दिसणार, आणि त्याला माहीत असणार कोणी केलं ते. डीएमला माझा सल्ला हाच, असं काही घडलं तर पॉवर्स काढून घेत बसू नका, त्या बापाशी बोलायला लावा.

एक गोष्ट यात आधीच क्लिअर करून घ्या. लहान मुलाला इजा होणं हा विषय टेबलवर सगळ्यांना झेपतो का हे सेशन झिरोमध्ये, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीत, विचारायचं असतं, भविष्यवाणी वाचून झाल्यावर नाही. कोणाला नको असेल तर मुलीचं वय पंचवीस करा, गोष्ट तेवढीच चालते.

स्पेल टाकून उत्तर विकत घ्यायला जाणं

पॅलाडिन किंवा क्लेरिक (देवाचा पुजारी) मुलीसमोर उभा राहून डिटेक्ट इव्हिल अँड गुड हे स्पेल, म्हणजे मंत्र, टाकतो आणि काही सापडलं नाही की म्हणतो चला, मुलगी निर्दोष. पाचव्या एडिशनमध्ये ते स्पेल अलाइनमेंट बघतच नाही, ते फीन्ड (सैतानी), फे (परीलोकातले), अनडेड (मरूनही चालते-फिरते), सेलेस्टियल (स्वर्गीय) असले प्राणी जवळ आहेत का ते सांगतं, त्यामुळे गावातला सगळ्यात नालायक सावकारसुद्धा त्यातून स्वच्छ निघेल. झोन ऑफ ट्रुथ, म्हणजे खोटं बोलू न देणारं स्पेल, टाकलं तर ती खरंच बोलेल, पण तिला जेवढं माहितीये तेवढंच ना.

मग ऑगरी, शकुन विचारायचं स्पेल. याची रेंज फक्त पुढचा अर्धा तास आहे आणि लोक विचारतात पुढच्या पावसाळ्याचं. डिव्हिनेशन सात दिवसांपर्यंत जातं, कम्यून तीन प्रश्नांना हो-नाही देतं, तेही देवाला माहीत असेल तर. पण ऑगरीच्या वर्णनात एक वाक्य आहे जे वाचून लोक पुढे जातात: वाटेत परिस्थिती बदलली, अजून एखादं स्पेल पडलं, एखादा साथीदार आला किंवा गेला, तर ते या उत्तरात धरलेलं नसतं. म्हणजे खुद्द नियमच म्हणतायत की अर्ध्या तासाचं भविष्यसुद्धा पक्कं नाही, आणि आपण तिसऱ्या पुरापर्यंतचं भविष्य दगडावरची रेघ समजून माणूस मारायला निघालोय.

त्यापेक्षा शब्द नीट वाचा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली क्रीससची गोष्ट आहे, लिडियाचा राजा, त्याने डेल्फीच्या भविष्य सांगणाऱ्या मंदिराला विचारलं पर्शियावर चाल करून जाऊ का, उत्तर आलं की गेलास तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल. हा खुशीत गेला आणि स्वतःचंच घालवून बसला. आपल्या उदाहरणात “नावाड्याची लेक” कोण? मुलीच्या आईचं माहेर पण नावाड्याचंच आहे, म्हणजे तीही लेकच झाली, आणि आजी पण. “दार” गडाचंच कशावरून? पुरात अडकलेल्या गुरांच्या गोठ्याचं असेल. हे प्रश्न विचारायला स्पेल स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका साठा) लागत नाही, आणि भविष्यवाणी कोणी सांगितली, त्या माणसाचा यात फायदा काय, हे विचारायलाही नाही.

तिला कोणीच सांगत नाही

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक ही. चार हिरो शेकोटीभोवती बसून एका मुलीच्या आयुष्याचा निर्णय घेतात आणि तिला किंवा तिच्या बापाला त्यातलं काही माहीत नसतं, आणि चौघांच्याही कॅरेक्टर शीटवर गुड लिहिलेलं असतं. खोटं न बोलण्याची शपथ घेतलेला डिव्होशन ओथवाला पॅलाडिन म्हणेल मी खोटं कुठे बोललो, फक्त बोललो नाही. बरं, मग नावाड्याने तोंडावर विचारलं की तुम्ही माझ्या पोरीकडे असे का बघता, तेव्हा काय? हा सीन मुद्दाम घडवा, अख्ख्या कॅम्पेनमध्ये लक्षात राहील. आणि सांगितलं की बरेचदा कोडंच सुटतं, कारण मुलगी सहज म्हणते, दार म्हणजे खालच्या घाटावरचं का, त्याची किल्ली आजीकडे असते.

“मी लॉफुल गुड आहे, मला चालणार नाही”

असं म्हणून प्लेअर गप्प बसतो आणि खेळ अडतो. १९७४ च्या मूळ गेममध्ये अलाइनमेंट तीनच होत्या, लॉ (कायदा), न्यूट्रॅलिटी (मधली बाजू) आणि केऑस (बेबंदपणा), गुड-इव्हिलची बाजू १९७७ च्या आसपास जोडली गेली. कायदा पाळणं आणि चांगलं असणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि भविष्यवाणी आली की नेमकी त्यांचीच टक्कर होते. लॉफुल गुड विचारेल यावर निर्णय द्यायचा अधिकार कोणाचा, पंचांचा, मंदिराचा की आपला? न्यूट्रल गुडला अधिकाराशी घेणंदेणं नाही, त्याला कोणाला लागणार एवढंच दिसतं. केऑटिक गुड सगळ्यात आधी बघेल की पंचांनी मुलीला कोंडून ठेवलं तर कुलूप कसं फोडायचं. तिघंही चांगलेच, पण एका टेबलवर बसले की ठिणग्या उडणार. वसुदेवाचंच बघा, पहिलं मूल शब्दाखातर स्वतः नेऊन देणारा तोच बाप आठव्याला घेऊन रात्री यमुना ओलांडतो. लॉफुल गुड खेळणाऱ्याने शब्द कधी मोडायचा हे ठरवण्यात जे नाट्य आहे ते “मला चालणार नाही” मध्ये नाही.

वाद फारच लांबला तर एक साधा उपाय: जे परत फिरवता येतं ते आधी करा. पहारा ठेवता येतो आणि उठवता येतो, मुलीला घरच्यांसकट मामाच्या गावी पाठवता येतं आणि परत आणता येतं. मारून टाकलं, गड पाडला, नदीचं पात्र फिरवलं, हे परत फिरत नाही. यावर चौघांचं पटायला वेळ लागत नाही, आणि तेवढ्यात गोष्ट पुढे सरकते.

सगळे मुलीवरच अडकतात ही अजून एक गंमत. भविष्यवाणीत पूर आहे, दार आहे, गडाखाली काहीतरी आहे, आणि नदीकाठी अख्खी वस्ती आहे. ड्रुइडला, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्याला, पुराचं विचारा, वस्ती उंचावर हलवा, धान्य हलवा, गडाखाली काय निजलंय ते जाऊन बघा. समजा दार उघडलंच, तर खाली कोणी सापडायला नको एवढं तरी आपल्या हातात असतं. “विधिलिखित आहे” म्हणून हातावर हात ठेवून बसणारा क्लेरिक मला सुरा घेऊन निघालेल्या पॅलाडिनएवढाच वाईट वाटतो.

भविष्यवाणी स्वतःच्याच कॅरेक्टरबद्दल असेल तर लोक पटकन कड्यावरून उडी मारून हौतात्म्य मिळवायला बघतात. दिसायला भारी, पण पार्टीला न विचारता केलेलं असतं, आणि डीएमचा सहा महिन्यांचा प्लॅन पण गेला. त्यापेक्षा मित्रांना सांगा की मी बदलायला लागलो तर कोणत्या खुणेवर मला थांबवायचं, आणि कोणी थांबवायचं. ज्याच्यावर ते काम आलं त्याचा चेहरा बघा.

आणि डीएम लोकांनो

अर्ध्या चुका तुमच्यामुळे होतात. काहीही केलं तरी भविष्यवाणी शब्दशः खरीच होणार असं ठरवून बसलात तर ते रेलरोडिंग आहे, म्हणजे प्लेअर्सना एकाच रुळावरून ढकलणं, आणि प्लेअर्सना ते दोन सेशनमध्ये कळतं, मग ते मुलीला वाचवायचा प्रयत्नच सोडतात. लिहितानाच कोण, कधी आणि म्हणजे काय, यातल्या दोन जागा स्वतःसाठीही मोकळ्या ठेवा आणि पार्टी काय करते ते बघून भरा. त्यांनी मुलीला विश्वासात घेतलं असेल तर तिसऱ्या पुरात तीच दार उघडू दे, पण आत अडकलेल्यांना बाहेर काढायला, आणि जागं झालेलं जे काही आहे त्याच्याशी इनिशिएटिव्ह रोल करा, म्हणजे लढाईत आधी पाळी कोणाची ते फासे टाकून ठरवा.